चार ते पाच, वाळूची बैठक

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. भट्टीला तापायला दीड तास लागतो, राजश्रीला दीड मिनिट पुरतं, असं आमच्या फौंड्रीत साचे बनवणारा कलगोंडा येईल त्याला सांगत असतो. म्हणू दे. पण नोटीस बोर्डावर चार गटांचे नंबर लागले आणि मारुतीअण्णांची वाळूची बैठक चारांत चौथी आली, त्या दिवशी मी तापले ती उगीच नाही. आणि त्यात चूक माझीच होती, म्हणून जास्तच तापले.

माझं माहेर निपाणीजवळ, सासर बेळगावच्या खासबागेत आणि नोकरी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये. अकरा वर्षं झाली. वाळूत पाणी किती, लोखंडात कार्बन किती, हे मोजायचं माझं काम. त्यासाठी माझ्याकडं मशीन आहे. मारुतीअण्णांकडं मूठ आहे. ते साच्याची वाळू मुठीत घट्ट दाबतात, मूठ उघडून बोटांचे ठसे बघतात, मग तो वाळूचा लाडू मधोमध मोडतात आणि म्हणतात, "साडेतीन टक्के पानी." दहा मिनिटांनी माझं मशीन तेच सांगतं. पहिल्या वर्षी मला याचा भयंकर राग यायचा. दुसऱ्या वर्षापासून मी मशीन चालू करायच्या आधी त्यांना विचारायला लागले.

मारुतीअण्णा हिंडलग्याचे. पहाटे भाताच्या शेतात एक चक्कर मारून, डबा स्कूटरला अडकवून साडेसातला गेटवर हजर. एकोणिसाव्या वर्षी फावड्यानं वाळू ओढायला लागलेला माणूस आज मोल्डिंगचा, म्हणजे साचे बनवणाऱ्यांचा, सुपरवायझर आहे. उंची बेताची, मिशी भरघोस, आवाज असा की भट्टी चालू असताना कुणी त्यांना परत सांगा म्हणत नाही. कुणावर चिडले की शिवी देत नाहीत, फक्त "शाणा हाईस" म्हणतात. ते ऐकलेला माणूस चार दिवस जेवत नाही.

बैठक त्यांनी सुरू केली नाही, ती आपोआप झाली. सतरा वर्षांपूर्वी एका शनिवारी अख्खी पाळी खराब गेली, साठ कास्टिंगं, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, भंगारात. मोल्डर म्हणे भट्टीवाल्यांचं चुकलं, भट्टीवाले म्हणे मोल्डरांचं. अण्णा शेडच्या मागं चहाचा कप आणि वाळूचा ढीग घेऊन बसले आणि मोडलेली कास्टिंगं एकेक करून बघत राहिले. एक आला, दुसरा आला, पाचपर्यंत नऊजण गोल करून बसले. पुढच्या शनिवारी परत. आजपर्यंत. चार ते पाच, चौदा माणसं, पोत्यांवर मांड्या घालून, मधे वाळू आणि चुरमुऱ्याची पिशवी. आठवड्यात कुठलं कास्टिंग का बिघडलं, एवढाच विषय. मी बीएस्सी झाले, पण कास्टिंग वाचायला त्या पोत्यावर शिकले.

आता मालकांचा मुलगा आदर्श बेंगळुरूहून शिकून आला आणि कारभार बघायला लागला. मुलगा चांगला, नमस्कार केल्याशिवाय पुढं जात नाही. पण त्याला शनिवारच्या चार ते पाचमध्ये लाइन बंद दिसली. चौकशी केली तर कंपनीत असे चार गट निघाले. आमची बैठक, मेंटेनन्सवाल्यांचा एक, डिझाइनवाल्यांचा एक, आणि सेल्स ऑफिसचा सहा महिन्यांचा एक, ज्यात एसी रूम आणि काजू बिस्किटं असतात. आदर्श म्हणाला, "दोन ठेवू, दोन बंद करू. जे राहतील त्यांना खोली, फळा, पगारी तास, सगळं. पण निवड मी मनानं करणार नाही. अभ्यास करून करू."

बंद म्हणजे बंद. आणि मारुतीअण्णा पुढच्या चैत्रात निवृत्त होणार होते. त्यांच्या मुठीत जे आहे ते दुसऱ्याच्या मुठीत जायची जागा म्हणजे तो एकच तास. तो गेला की चैत्रात माणूस जाणार आणि मागं नुसतं माझं मशीन उरणार.

अभ्यासाला सौम्या आली. कॉलेजात शिकवते आणि वर पीएचडी करते. बारीक चणीची, मोठा चष्मा, बोलणं अगदी मऊ. अण्णांनी तिला पहिल्याच दिवशी पोतं झटकून दिलं आणि विचारलं, "काय मोजनार पोरी? आमच्या चुरमुऱ्याचं वजन?"

ती हसली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही आकड्यात बोलत नाही, शब्दांत बोलता. 'बरं' म्हणजे नेमकं किती, हे कुणाला सांगता येत नाही. पण साधारण इथपासून तिथपर्यंत, एवढं सांगता येतं. म्हणून मी एका शब्दाला एक आकडा देत नाही, तीन देते. कमीत कमी, मधला, जास्तीत जास्त. 'ठीक' म्हणजे दहापैकी तीन, पाच, सात. याला फझी म्हणतात. सगळ्यांचे शब्द असे मांडायचे, मग मनात एक सर्वांत उत्तम गट धरायचा, एक सर्वांत वाईट, आणि कुठला गट कुणाच्या जवळ आहे ते बघायचं."

"म्हंजे अंदाजच की," अण्णा म्हणाले.

"अंदाजच. पण हिशेबात बसवलेला."

अण्णांना ते पटलं. मुठीनं वाळू बघणाऱ्याला पटणारच.

प्रत्येकानं आपल्याच गटाबद्दल भरायचे पाच प्रश्न होते. गटात किती शिकायला मिळतं, कामाला किती उपयोग होतो, किती मोकळं बोलता येतं, नव्या माणसाला किती सामावून घेतात, आणि गटातलं मुख्य माणूस नसलं तर गट कसा चालेल. प्रत्येकापुढं पाच चौकोन, लई वाईट ते लई चांगलं. मोल्डिंगकडचे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडं आलं, आणि इथंच मी माती खाल्ली. सेल्सवाले काय भरणार हे मला माहीत होतं, म्हणून मी आमच्या सगळ्यांना बजावलं, "हे बघा, फुशारकी नको. खरं तेवढंच लिहा."

आमच्या माणसांना एवढं सांगायची गरजच नव्हती. हिंडलग्यात भात कमरेएवढं उभं असलं तरी कुणी विचारलं की माणूस म्हणतो, "हाय की, बरं हाय." पोरगं वर्गात पहिलं आलं तर आई सांगते, "झालंय पास." आपल्या तोंडानं आपलं चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे इथं शाळेत घालायच्या आधी शिकवतात. आमच्या निपाणीकडंही तसंच. चौदाच्या चौदा फॉर्मांवर पहिल्या चार प्रश्नांना 'ठीक'वर खूण. आणि पाचव्या प्रश्नाला, मुख्य माणूस नसलं तर, सगळ्यांनी 'वाईट'. कलगोंडा तर एक पेन सगळ्यांत फिरवून निवांत बसला होता. सेल्सवाल्यांच्या फॉर्मांवर सगळीकडं 'लई चांगलं'. एकानं तर चौकोनाबाहेर चांदणी काढलेली.

तो नंबर चौथा असा आला.

मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन अण्णांकडं गेले. "अण्णा, परत भरूया. मी सौम्याला सांगते, माझी चूक झाली म्हणून."

"एकदा खूण केली ती केली," अण्णा म्हणाले. "आता नंबर बघून बदलायचं? लाज न्हाय व्हय गं आपल्याला?"

"मग काय, बैठक बंद पडू दे?"

"पडली तर पडली. खोटं लिहून कशाला चालवायची?" आणि डोळ्यात डोळा न घालता वाळूकडं वळले. मी त्यांना एवढी वर्षं ओळखते. ती पाठ वळवणं साधं नव्हतं. या माणसाला मनापासून लागलं होतं आणि ते कबूल करायचं नव्हतं. मला रडूच आलं, पण मी रडायच्या ऐवजी चिडते, म्हणून तडक सौम्याकडं गेले.

"तुझा 'ठीक' तीन-पाच-सात कुणी ठरवला?" मी दारातूनच विचारलं.

"पुस्तकात तसंच असतं."

"पुस्तक लिहिणारा हिंडलग्याचा न्हाय!"

मी तिला सगळं सांगितलं, भाताचं, दृष्टीचं, पोरगं पास झाल्याचं. ती बेळगावचीच, तिला ते नवीन नव्हतं. फक्त आपल्या घरातली गोष्ट आपल्या अभ्यासात घ्यायची असते हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मग म्हणाली, "तुमच्या लॅबमध्ये अशी कास्टिंग आहेत का, ज्यांचा निकाल तुम्हाला पक्का माहीत आहे?"

होती की. मी पाच काढून दिली. एक इतकं निर्दोष की मी ते नमुना म्हणून जपून ठेवलंय, एक मधोमध चिरलेलं, बाकी अधली-मधली. सौम्यानं ती टेबलावर मांडली आणि चारही गटांतल्या माणसांना एकेकटं बोलावून तेच पाच चौकोन पुढं ठेवले. सेल्सवाल्यांनी चिरलेल्यालाही 'चांगलं' दिलं, कारण त्याला रंग छान होता. आमच्या लोकांनी त्या निर्दोष कास्टिंगला काय द्यावं? मला निकाल माहीत म्हणून मी बाजूला, बाकी तेराच्या तेराजणांनी 'ठीक'. अण्णांनी ते उलटंपालटं केलं, बोट फिरवलं, उजेडात धरलं, "कुनी केलंय हे?" म्हणून विचारलं, आणि 'ठीक'वर खूण केली. चिरलेल्याला सगळ्यांनी 'वाईट'. टोकाच्या चौकोनांकडं कुणी बघितलंही नाही.

सौम्या इतकी खूश झाली की चष्मा काढून पुसायलाच लागली. "राजश्री आक्का, यांचा 'ठीक' म्हणजे आठ-नऊ-दहा!" तिनं प्रत्येक गटाच्या शब्दांना त्या गटाच्या मापानं नवे आकडे दिले, आणि मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून मनातल्या मनात नोटीस बोर्डावरचा कागद फाडला.

चार प्रश्नांत आमची बैठक सगळ्यांच्या वर गेली. सेल्स पार खाली आलं. मग सौम्या पाचव्या प्रश्नावर आली आणि तोच हिशेब दुसऱ्यांदा करायला लागली.

"काय गं?"

"आक्का, हेच माप इथंही लावायला पाहिजे. यांचा 'वाईट' म्हणजे चिरलेलं कास्टिंग. म्हणजे मारुतीअण्णा नसले तर हा गट..." तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. शून्य, शून्य, एक.

मी कपाळावर हात मारला. स्वतःच माप बदलायला लावलं, आणि ते माप फिरून आमच्याच पाठीत बसलं! मेंटेनन्स आणि डिझाइन पुढं निघून गेले, आणि आम्ही डिझाइनच्या केसभर मागं, तिसरे.

आदर्शनं कागद बघितला. तो मनानं सरळ आहे. म्हणाला, "चार प्रश्नांत पहिले आणि एकात शेवटचे. अण्णा, तुम्ही चैत्रात जाणार. तुमच्यासाठी बैठक चालू ठेवली तर सात महिने. त्यापुढं काय? एक करूया. या शनिवारी तुम्ही येऊ नका. मी आणि सौम्या बसतो. तुमच्याशिवाय बैठक झाली तर पाचवं उत्तर बदललं म्हणायचं आणि ठेवू. नाही झाली तर बंद."

अण्णा "बरं" म्हणाले आणि गेले.

त्या आठवड्यात पंपाच्या कास्टिंगांना छिद्रं पडत होती. पहिल्यांदा नव्हे, पंधरा दिवस झाले होते. वायू अडकून पडणारी ती बारीक भोकं म्हणजे बहुतेक वेळा वाळूत पाणी जास्त. अण्णांनी मागच्या दोन्ही शनिवारी तेच सांगितलं होतं, आम्ही पाणी कमी केलं, परत कमी केलं, भोकं काही थांबेनात. आणि आता त्यांच्याशिवाय बसायचं.

शनिवारी चारला आम्ही तेराजण पोत्यांवर बसलो. श्रावणातली ओल सगळीकडं, पोतीसुद्धा गार लागत होती. अण्णांचं पोतं रिकामं. आदर्श एका उलट्या डब्यावर, सौम्या वही घेऊन. कलगोंडानं कास्टिंग मधे ठेवलं, खाकरला, आणि म्हणाला, "हं. भोकं हाईत."

"हाईत," कुणीतरी म्हणालं.

मग काही नाही. एक मिनिट गेलं, चार गेली. चुरमुरे खाल्ल्याचा आवाज तेवढा येत होता. सगळे अधूनमधून त्या रिकाम्या पोत्याकडं बघत होते. कलगोंडा वाळू दाबून बघत होता, मोडत होता, परत दाबत होता. आदर्शनं घड्याळ बघितलं. माझं मशीन वाळू ठीक आहे म्हणत होतं आणि त्यापुढं मला काही माहीत नव्हतं.

"वाळूचं न्हाय ते."

आवाज इतका बारीक होता की कोण बोललं ते आधी कळलं नाही. नागूआक्का. नागुबाई, कोअर बनवणारी. कास्टिंगला आत पोकळी हवी असते, तिथं साच्यात जो भाजलेल्या वाळूचा ठोकळा बसवतात तो कोअर. नऊ वर्षं ती बैठकीला येते, मागच्या पोत्यावर बसते, पदर नीट करते, पाचला उठून बस पकडायला जाते. तिचा आवाज मी तिथं कधी ऐकलाच नव्हता.

"कोअरचं हाय," ती म्हणाली. "आमची कपाटं नव्या मशीनला जागा करायला हलवली न्हवं, धुण्याच्या नळाजवळ? रात्रभर कोअर ओल धरत्यात. वरनं कळत न्हाय. सकाळी हातात घेतला की जड लागतोय. एवढासाच. पन लागतोय."

मी उठले, पळत जाऊन तिच्या कपाटातला एक कोअर आणला आणि तिथंच फोडला. आत बोट घातलं. ओला! मी लॅबमध्ये नेऊन तपासला तोवर पोत्यांवर कालवा सुरू झाला होता. कलगोंडा म्हणत होता कपाटं भट्टीच्या भिंतीला लावूया, दुसरा म्हणत होता कोअर सकाळी परत तापवूया, नागूआक्का दोघांनाही हात करून म्हणत होती, "थांबा वो, दोनदा तापवला तर ठिसूळ हुतोय!" पाच वाजून वीस मिनिटं झाली तरी कुणी उठेना. आदर्श डब्यावरून उतरून पोत्यावर आला होता आणि नागूआक्काला विचारत होता, जड म्हणजे किती जड.

शेवटी त्यानं सांगितलं, बैठक राहणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सौम्यानंही. माझा जीव भांड्यात पडला. पण एक गोष्ट मला गप्प बसू देईना.

"आक्का," मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"कपाटं हलवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं."

"मग दोन शनिवार बोलली का नाहीस गं?"

तिनं साधेपणानं माझ्याकडं बघितलं. "अण्णांनी वाळू म्हनलेलं की. मग मी कशाला बोलू?"

अण्णा घरी गेलेच नव्हते. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले होते. टपरीवाला म्हणाला पाच चहा झाले. मला बघून उभेही राहिले नाहीत, नुसती मान वर केली. "झाली काय बैठक?"

"झाली. राहिली आपली बैठक. भोकांचं कारण पण सापडलं."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "कुनी सांगितलं? कलगोंडानं?"

"नागूआक्कानं. वाळू नाही अण्णा, कोअरला ओल." आणि मग मला खोटं बोलता येत नाही म्हणून उरलेलंही सांगितलं. तिला पंधरा दिवस माहीत होतं. तुम्ही वाळू म्हटलात म्हणून ती बोलली नाही.

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थांबलं. मला वाटलं, उगीच सांगितलं, चैत्रात आनंदानं जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात नागूआक्का गेटातून बाहेर आली. खानापूर रोडच्या बसला निघाली होती. अण्णांना बघून पदर सावरला आणि मान खाली घालून पुढं जायला लागली. अण्णा उठून उभे राहिले. मालक आले तरी सावकाश उठणारा माणूस!

"आक्का," त्यांनी हाक मारली. "हितं बस. चा घे."

ती संकोचून बाकड्याच्या कडेला टेकली. अण्णा तिच्यासमोर उभेच राहिले, चुकलेल्या मुलासारखे.

"नऊ वर्सं तू मागं बसलीस," ते म्हणाले, "आनि मी एकदा पन तुला इचारलं न्हाय. आनि काय काय ठावं हाय तुला, जे माझ्या बोलन्यानं सांगायचं र्‍हायलं?"

नागूआक्कानं चहाचा कप हातात घेतला, एक घोट घेतला, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट वर बघितलं.

"लई हाय, अण्णा," ती म्हणाली. "बसा खाली. एक बस चुकवून भागायचं न्हाय."